अग्निशमन जवानांचे कामाचे तास बांधता येतात का?

तुम्ही विचारलंय, "आग वेळ सांगून लागत नाही, मग तास बांधणार कसे? आणि हे लोक ठाण्यात झोपतातच की."

झोपेचं आधी. निपाणी-चिकोडीकडं हे फार ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. घंटा झाली की मिनिटभरात बंब बाहेर पडायला हवा. ती झोप ड्युटीच. बेल्जियममधल्या एका स्वयंसेवक जवानाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं २०१८ साली, ८ मिनिटांत ठाण्यावर पोचायचं बंधन असेल तर घरी थांबणंही कामाचा वेळ धरलं.

आता बगॅसची, म्हणजे साखर कारखान्यात रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची आग घ्या. वरून पाणी मारलं की वरचा थर भिजतो, आत धुमसतच राहतं. लोडरनं ढीग फोडायचा, पसरायचा, भिजवायचा, पुन्हा फोडायचा. यात दोन-दोन दिवस जातात. धुरात श्वसनसंच, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून हवा देणारा मुखवटा लागतो. ६ लिटरची टाकी ३०० बार दाबाला भरली की १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटरनं कागदावर ४५ मिनिटं. पण दमलेला माणूस ६० च्या वर ओढतो आणि ५५ बारच्या आसपास हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की बाहेर यायचंच. म्हणजे काम जेमतेम २४ मिनिटं. थकवा असा हवेतून मोजता येतो.

चालकाकडं तर कुणाचंच लक्ष नसतं. रात्रभर पंपावर उभा राहून पहाटे तोच साडेचार हजार लिटरचा बंब परत नेतो, तेही रिफ्लेक्टर नसलेल्या ऊसाच्या ट्रॉल्यांमधून. चालकाची बदली आधी, बाकीच्यांची नंतर.

तास बांधायचे तर माणसं मोजा. २४ तास काम, २४ सुट्टी म्हणजे आठवड्याला ८४ तास. २४-४८ केलं तर ५६. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ ची मर्यादा घातली होती. तेवढ्यात बसवायचं तर चोवीस तास भरलेली ठेवायच्या एका जागेला साडेतीन माणसं, रजा-प्रशिक्षण धरून चारच्या वर. सहा जणांच्या बंबाला पंचवीस. जागा भरल्याशिवाय तासांचा नियम कागदावरच राहतो.

कृष्णा-वेदगंगेच्या पुरात मर्यादा मोडावी लागेल, हे मान्य. पण जादा तास नोंदवहीत चढले पाहिजेत आणि त्यांची सुट्टी त्याच महिन्यात मिळाली पाहिजे.