पिवळा दिवा लागला की आधी हात आवर

भो, फायर अलार्मच्या पॅनलवर पिवळा दिवा लागला की तू थेट रिसेट दाबतोस, ती सवय सोड. लाल म्हणजे आग. पिवळ्यात मात्र दोन गोष्टी असतात. ट्रबल ही पॅनलची स्वतःची तक्रार: वायर तुटली, बॅटरी गेली. सुपरवायझरी म्हणजे वायरिंग ठणठणीत, पण आग विझवणारी यंत्रणाच तयार नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह कुणीतरी फिरवून बंद केलाय, नाहीतर टाकीतलं पाणी उतरलंय. अशा वेळी हूटर वाजवून कामगार बाहेर काढत नाहीत, माणूस पंपरूममध्ये पाठवतात.

जळगाव एमआयडीसीत एका चटई कारखान्यात मी पाहिलंय. टॅम्पर स्विच, म्हणजे व्हॉल्व्ह हलला की पॅनलला कळवणारा स्विच, लूपमध्ये (पॅनलकडे जाणाऱ्या वायरच्या सर्किटमध्ये) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जुळलेला, असा जोडलेला. व्हॉल्व्ह बंद झाला की लूप उघडायचं आणि पॅनल म्हणायचं ‘ट्रबल’. ऑपरेटर समजला उंदरानं वायर कुरतडली. बझर गप्प करून चहाला गेला. स्विच नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा, हवा, एंड ऑफ लाइन रेझिस्टरला (वायर शाबूत आहे हे पॅनलला कळावं म्हणून लूपच्या टोकाला लावलेल्या रेझिस्टरला) समांतर, आणि प्रोग्रॅमिंगमध्ये तो पॉइंट सुपरवायझरीच हवा.

तपासताना व्हॉल्व्हचं चाक स्वतः फिरव. एनएफपीए ७२ या फायर अलार्मच्या अमेरिकी नियमावलीप्रमाणे पहिल्या दोन फेऱ्यांत किंवा एकूण प्रवासाच्या एक पंचमांशात संकेत यायलाच हवा. व्हॉल्व्ह पूर्ववत केल्यावर पॅनलवरचा संकेत आपोआप जातो का तेही बघ. लॅचिंग, म्हणजे संकेत धरून ठेवणं, चालू असेल तर तो रिसेटशिवाय जाणार नाही. त्याच नियमात पाणी गोठू नये म्हणून ४.४ अंशाचा संकेतही आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला जातो, तो विषय सोड.