किल्ल्यावर बादली कुणी ओतली, पोरानं की कार्टूननं?

बेळगावातल्या अनगोळहून एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. पोरगा सहावीत. दिवाळीत त्यानं दारात राजगड केला आणि परीक्षक यायच्या आदल्या रात्री चुलतभावाला घेऊन मागच्या गल्लीतल्या पोराच्या किल्ल्यावर बादलीभर पाणी ओतून आला. पहिला नंबर ह्याचाच आला, ढाल टीव्हीशेजारी ठेवलीय. आता चुलतभावाच्या मोबाईलमधला व्हिडिओ आईला दिसला, नवरा म्हणतोय "पोरं हायत, सोड की". आई विचारतीय, "मावशी, सुट्टीभर तो जुनं वॅकी रेसेस बघायचा, त्यातल्या मिशीवाल्या लबाडाचं बघूनच शिकला असेल काय? कार्टून बंद करू काय?"

अगं पोरी, बंद कर नाहीतर चालू ठेव, खरं त्या मिशीवाल्यावर हे ढकलू नको. डिक डास्टर्डली त्याचं नाव, १९६८ सालचं कार्टून, आमच्याकडं केबल आल्यावर पोरांच्या नादानं मी पण बघायचे. अकरा गाड्या, ३४ शर्यती, आणि हा बाबा एकही जिंकलेला नाही. बरं त्याची गाडी मंद हाय म्हणावं तर तसंही नाही. कितीदा तरी तो सगळ्यांच्या पुढं असतो, नुसती गाडी पळवत राहिला असता तर जिंकला असता, खरं तो थांबतो, खाली उतरतो, मागच्यांसाठी सापळा लावत बसतो, मग तो सापळा त्याच्याच अंगावर येतो आणि मागचे सगळे भुर्रकन पुढं. हे बघून लबाडी शिकायची म्हटलं तर पोरगं ढ असायला पाहिजे, आणि तुझं तसं दिसत नाही.

तूच लिहिलंयस की संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी त्यानं एकट्यानं केली, आळीव पेरून हिरवळ उगवली, येणारे-जाणारे थांबून बघायचे. त्या मागच्या गल्लीतल्या पोराचा येळ्ळूरचा राजहंसगड, तो पण बरा होता म्हणे, खरं तुमच्याएवढा नाही. म्हणजे गाडी पुढंच होती की! मग हा उतरला कशाला?

त्याचं उत्तर तुझ्याच पत्रात, अगदी खाली, जाता जाता लिहिल्यासारखं हाय. गेल्या वर्षी दुसरा नंबर आला तेव्हा पाव्हण्यांसमोर बाप म्हणाला, "दुसरा म्हणजे हरलेल्यातला पहिला". सगळे हसले, तू पण हसलीस. ही ओळ मी परत परत वाचली बघ.

कार्टूनच बघायचं असेल तर डॅफी डक बघ. १९३७ साली आला तेव्हा नुसता खुळा, उड्या मारत फिरायचा, कुणाचं वाईट चिंतायचा नाही. पुढं त्याला बग्ज बनी सशाच्या शेजारी उभा केला आणि बिघडला. १९५७ च्या एका कार्टूनमध्ये दोघं स्टेजवर हायत, टाळ्या सगळ्या सशाला, हा कितीही नाचला तरी लोक गप्प. मग सशाच्या वाद्यात हा सुरुंग पेरतो, ठराविक सूर वाजला की फुटणार. ससा नेमका तोच सूर चुकवतोय, परत परत चुकवतोय, शेवटी ह्याला राहवत नाही, असं नव्हे रे असं, म्हणून स्वतःच वाजवतो आणि उडतो. बदक तेच गं, फक्त टाळ्या कुणाला हे मोजायला लागलं. तुमच्या घरी मोजणारा बाप हाय.

आणि तो चुलतभाऊ, व्हिडिओ काढत खिदळणारा, तो म्हणजे डास्टर्डलीचं कुत्रं मटली. मालकाचा डाव फसला की तेच आधी खिक् खिक् करतं. त्याच्या आईला पण सांग, भांडण नको, नुसतं सांग.

आता ढाल परत द्यायची. मंडळाकडं पोरानंच न्यायची आणि काय केलं ते त्यानंच सांगायचं, तू दारात उभी राहा, मध्ये तोंड घालू नको. नवरा नको म्हणेल, गल्लीत इज्जत जाईल म्हणेल, त्याला म्हणावं तुमच्या त्या वाक्याचं काय करायचं ते आधी बघा, पोराजवळ बसा आणि ते परत घ्या. पाव्हण्यांसमोर बोललात तर पाव्हण्यांसमोरच परत घेतलंत तर आणखी बरं. कठीण हाय, मला माहीत हाय, आपल्याकडचे बाप माफी मागायची म्हटलं की त्यांना लगेच कामं आठवतात.

त्या पोराच्या घरी पण जा. त्याची आई कन्नड बोलते आणि तुला धड येत नाही म्हणून लाज वाटतीय लिहिलंयस. "तप्पायतु री" एवढं म्हण, पुढचं त्या मराठीत बोलतील, भाजीवालीशी बोलतातच की. फुटलेले मावळे आता बाजारात मिळायचे नाहीत, दिवाळी उलटली, तेव्हा ह्याच्याकडचेच दे, कुठले द्यायचे ते त्यालाच निवडू दे. महाराजांची मूर्ती तेवढी राहू दे त्याच्याकडं, बाकी तोफा, मावळे, हत्ती सगळं जाऊ दे.