घरच्या विहिरीला टीसीएल किती?

प्रश्न : पाऊस झाला की आमच्या घरच्या विहिरीचे पाणी गढूळ होते. विहिरीची नोंदणी झालेली आहे, तरी पाणी तपासावे लागेल का? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकावी? शेजाऱ्यांचा शोषखड्डा विहिरीपासून 30 फुटांवर आहे.
– एक वाचक, गिरणारे (ता. नाशिक)

उत्तर : तपासावेच लागेल. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाचा भर उपशावर आहे. विहीर नोंदली म्हणून तिचे पाणी पिण्याजोगे ठरत नाही. घरच्या विहिरीची काळजी शेवटी मालकालाच घ्यावी लागते.

टीसीएलचा अंदाज मुठीने घेऊ नका. व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) × 0.785 म्हणजे घनमीटर. व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल, तर सुमारे 28,000 लिटर. चांगली पावडर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे 70 ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, कारण गाळ क्लोरीन खातो. पुडी उघडी राहिली किंवा ओलसर झाली की तिचा जोर जातो. गोळे झालेली पावडर वापरूच नका.

बादलीत थोड्या पाण्यात पावडरीची पेस्ट करा, मग बादली पाऊण भरून ढवळा. पाच-दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती विहिरीत सोडून खालीवर हलवा. चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होते. हे काम रात्री करा. किमान तासाभराने ओटी चाचणीत (थेंब टाकून पाण्याला येणाऱ्या पिवळ्या रंगावरून क्लोरीन मोजतात ती) 0.5 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवा. रंगच आला नाही तर पुन्हा टाका.

आता शोषखड्डा, खरी काळजी त्याचीच. विहीर त्यापासून निदान 50 फूट लांब हवी. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांतून मैला न गाळताच विहिरीत उतरतो. शेजाऱ्यांशी बोलून खड्डा हलवा. तोवर विहिरीचे वरचे 20 फूट बांधकाम पक्के करा, भोवती मीटरभर ओटा आणि अडीच फुटी कठडा घाला.

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतलीच निर्जंतुक बाटली घ्या. 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) एकही नसावा. नायट्रेटही तपासून घ्या, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ते टीसीएलने जात नाही आणि उकळल्याने उलट दाट होते. घरात सहा महिन्यांच्या आतले वरचे दूध पिणारे बाळ असेल, तर अहवाल येईपर्यंत त्याच्या दुधासाठी हे पाणी वापरू नका.