नवं जेल होतंय? आधी खाटा मोजा

"आमची काउंटी एवढीशी, गुन्हेही बेताचेच, मग एवढं मोठं जेल कशाला आणि त्याचा कर आमच्या पगारातून का?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कमिन्स कंपनीमुळे पुण्याहून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात आलेल्या आपल्यापैकी अनेकांना तो कधी ना कधी पडतो. मलाही पडला होता, म्हणून आमच्या काउंटीच्या बैठकांना जाऊन बसायला लागलो.

आधी एक घोळ मिटवू. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण काउंटी जेल म्हणजे येरवडा नव्हे. आपल्याकडे कच्चे-पक्के सगळे कैदी राज्याच्याच कारागृहात असतात. इथे मोठी शिक्षा झालेले राज्याच्या तुरुंगात जातात आणि जेलमध्ये मुख्यतः कच्चे कैदी असतात. त्यातले बरेच जण जामिनाचे पैसे नसल्यामुळे अडकलेले. इंडियानात त्यात आणखी भर पडली. 2014 च्या फौजदारी सुधारणेनंतर, 2016 पासून, सर्वांत खालच्या श्रेणीच्या फेलनीतले (म्हणजे गंभीर गुन्ह्यातले) बहुतेक कैदी राज्याने काउंट्यांकडेच ठेवले. 2022 मध्ये न्यायाधीशांना त्यांना पुन्हा राज्याकडे पाठवायची मुभा मिळाली, पण तोवर ठिकठिकाणी नव्या जेलचे आराखडे टेबलावर आलेले होते. म्हणजे गुन्हे न वाढताही जेल भरू शकतं.

जुनी इमारत वाईट असते हे मात्र खरं. लांब बोळ, बाजूला कोठड्या. शिपाई फेरी मारेल तेवढ्यापुरतंच त्याला दिसणार. मधल्या वेळात कोणी गळफास लावला, कोणाला व्यसन सुटताना झटके आले, तर कळायला उशीर होतो. नव्या रचनेत मधल्या दिवाणखान्याभोवती कोठड्या असतात, म्हणजे एका जागेवरून सगळं दिसतं. त्यामुळे "डागडुजी करून भागवा" या बाजूचा मी नाही.

माझं भांडण खाटांच्या आकड्याशी आहे. बांधकामाचं कर्ज कधीतरी फिटतं, पगार फिटत नाहीत. चोवीस तास माणूस लागणारी एक जागा म्हणजे आठवड्याचे 168 तास. चाळीस तासांच्या हिशेबाने चार माणसं आणि वर थोडं, रजा-प्रशिक्षण धरलं की पाच. नकाशात अशा किती जागा आहेत, हे आधी विचारा.

"जास्तीच्या खाटा भाड्याने देऊ, मार्शल्सचे (म्हणजे केंद्र सरकारचे) कैदी ठेवू, जेल स्वतःचा खर्च काढेल" असं कोणी म्हणालं, तर मोंटानातलं हार्डिन आठवा. बिग हॉर्न काउंटीतल्या या गावी 2007 मध्ये 2.7 कोटी डॉलरचे रोखे काढून 464 खाटांचं जेल उभं राहिलं. कैदीच आले नाहीत, रोख्यांचे हप्ते थकले. 2009 मध्ये गावाने ग्वांतानामोचे (अमेरिकेच्या क्युबातल्या लष्करी तुरुंगातले) कैदी आम्हाला द्या म्हणून ठराव केला! (तेही मिळाले नाहीत.)

आता कुठे बोलायचं ते. शेरीफ (काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख) जेल चालवतो, काउंटीचा कारभार पाहणारे तीन कमिशनर बांधकाम ठरवतात, पण तिजोरीची किल्ली सात जणांच्या काउंटी कौन्सिलकडे असते. 2018 च्या कायद्याने जेलसाठी वेगळा स्थानिक उत्पन्न कर लावायची मुभा दिली. त्यावर सार्वमत घ्यावं लागत नाही, जाहीर सुनावणी होते आणि कौन्सिल ठरवते. म्हणून कमिशनरांपुढे तक्रार करून घरी येऊ नका, कौन्सिलच्या सुनावणीला जा. कच्चे कैदी किती, ते सरासरी किती दिवस राहतात आणि प्रत्येक पाळीत किती माणसं लागतील, हे तीन आकडे लेखी मागा. आमच्याकडे दुसरा आकडा कोणी काढलेलाच नव्हता. तो काढायला लावल्यावर खाटा कमी झाल्या.