टेलिफोन सर्व्हरची जोडी नव्याने उभी करताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोलापुरातील रुग्णालये, कारखाने आणि पतसंस्था यांच्यापैकी अनेकांनी जुने ईपीएबीएक्स (कार्यालयातील टेलिफोन एक्स्चेंज) काढून अ‍ॅस्टरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरवर चालणारे टेलिफोन सर्व्हर बसवले आहेत. त्यात एक मुख्य आणि एक राखीव अशी जोडी असते. या जोडीवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकण्यासंबंधी आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. जोडी खरोखर जोडी ठरते की नाही, हे बहुतांशी टेलिफोनचे सॉफ्टवेअर टाकण्याआधीच ठरलेले असते. म्हणून उत्तरांचा भर त्या पहिल्या टप्प्यावर आहे.

प्रश्न : एका सर्व्हरवर सगळे नीट बसवून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्यावर उतरवावी, म्हणजे अर्धा दिवस वाचेल, असे आमचे तंत्रज्ञ सांगतात. तसे करावे का? (होटगी रस्ता, रुग्णालयाचा संगणक विभाग)

करू नये. लिनक्स इन्स्टॉल होताना प्रत्येक यंत्राला एक स्वतंत्र मशीन-आयडी मिळतो, एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्याच्या सोयीच्या) स्वतंत्र किल्ल्या तयार होतात आणि डिस्कच्या विभागांना वेगळे ओळखक्रमांक मिळतात. डिस्कची प्रत काढली की हे सारे दोन्ही यंत्रांवर एकच होऊन बसते. काही जोडण्यांमध्ये डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पाठवली जाणारी ओळख मशीन-आयडीवरूनच बनत असल्याने दोन्ही सर्व्हरना एकच आयपी पत्ता मिळतो आणि मग दोष स्विचमध्ये शोधला जातो. शिवाय सशुल्क मॉड्यूलचे परवाने बहुधा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याशी (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाशी) बांधलेले असतात. ते दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीत, आणि हे कळते ते मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर.

तुमचा अर्धा दिवस वाचवण्याचा योग्य मार्ग म्हणजे किकस्टार्ट फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या सर्व निवडी लिहून ठेवलेली फाइल. रॉकी किंवा अल्मा या लिनक्सच्या प्रकारांवर पहिले इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्यावर इन्स्टॉलर स्वतःच रूट या मुख्य वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ती ठेवतो. त्यात यंत्राचे नाव आणि आयपी पत्ता बदलावा आणि त्याच फाइलने दुसरा सर्व्हर कोऱ्या डिस्कपासून उभा करावा. मांडणी तंतोतंत सारखी राहते आणि प्रत्येक यंत्राची ओळख मात्र स्वतःची राहते. त्यासाठी वापरणार असलेल्या आयएसओ फाइलचा (इन्स्टॉलेशनच्या मूळ फाइलचा) शा-256 चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा अंक, आधी तपासून घ्यावा. अर्धवट उतरलेल्या फाइलवरून केलेले इन्स्टॉलेशन पुढे भलत्याच ठिकाणी त्रास देते.

प्रश्न : आमची जोडी सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सवर आहे आणि उत्तम चालते. ती बदलणे खरोखर गरजेचे आहे का, आणि बदलताना फोन बंद ठेवावे लागतील का? (चिंचोळी एमआयडीसी)

गरजेचे आहे. सेंटओएस 7 चे सुरक्षा-अद्यतन 30 जून 2024 रोजी थांबले. रॉकी 9 आणि अल्मा 9 यांना मे 2032 पर्यंत आधार आहे, त्यामुळे आज त्यांपैकी एक निवडणे सोयीचे. जुन्याच सिस्टीमवर चढवत नेण्याऐवजी कोरे इन्स्टॉलेशन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रेड (आरएआयडी) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड. रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले, आणि रॉकी-अल्मा त्याच मार्गाने जात असल्याने इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, असा प्रसंग येऊ शकतो. म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू करून डिस्क दिसतात का, एवढे बघून बाहेर पडावे. दुसरी, नवव्या आवृत्तीत पायथन 2 नाही. कॉल वळवण्यासाठी कोणी लिहून दिलेल्या जुन्या स्क्रिप्ट त्यावर चालणार नाहीत. तिसरी, अ‍ॅस्टरिस्क 21 पासून फोन जोडणारा जुना भाग चॅन-सिप पूर्णपणे काढला आहे, त्यामुळे सर्व एक्स्टेन्शन त्याच्या जागी आलेल्या पीजे-सिपवर आणावी लागतील.

फोन फार वेळ बंद ठेवावे लागत नाहीत, मात्र क्रम पाळावा लागतो. प्रथम राखीव सर्व्हर जोडीतून सोडवावा आणि त्याच्या जुन्या डिस्क काढून, त्यावर चिठ्ठी लावून कपाटात ठेवाव्यात. नव्या डिस्कवर इन्स्टॉलेशन करून सेटिंग, डेटाबेस, व्हॉइसमेल, ध्वनिमुद्रित सूचना, प्रमाणपत्रे आणि क्रॉनमधील (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे त्यावर आणावीत. क्रॉन हमखास विसरले जाते. मग एका रविवारी क्रमांक नव्या सर्व्हरकडे वळवून आठवडाभर निरीक्षण करावे आणि त्यानंतरच जुन्या मुख्य सर्व्हरला हात लावावा. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या यंत्रांना एकाच क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या गटात) बांधण्याचा प्रयत्न करू नये. त्या आठवड्यात तुमच्याकडे चालती जोडी नसेल, हे व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवावे.

प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकल्यापासून सामाईक आयपी पत्ता दोन्ही सर्व्हरवर एकाच वेळी दिसतो आणि फोन मध्येच तुटतात. पूर्वी असे होत नव्हते. (जुळे सोलापूर)

आपण कीपअलाइव्हड (सामाईक पत्ता चालू सर्व्हरकडे ठेवणारे सॉफ्टवेअर) वापरता असे पत्रातील तपशिलावरून दिसते. त्यात मुख्य सर्व्हर दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ असा व्हीआरआरपी संदेश पाठवतो आणि साधारण तीन संदेश चुकले की राखीव सर्व्हर सामाईक पत्ता स्वतःकडे घेतो. रॉकी आणि अल्मावर फायरवॉल सुरुवातीपासूनच चालू असते. ती व्हीआरआरपी, म्हणजे प्रोटोकॉल क्रमांक 112, आत येऊ देत नाही. राखीव सर्व्हरला संदेश ऐकू येत नाहीत, समोरचा बंद पडला असे तो समजतो, आणि दोघेही मुख्य होतात. फायरवॉलमध्ये व्हीआरआरपीसाठी नियम घालावा. कॉल जोडणाऱ्या सिप या प्रोटोकॉलसाठी 5060 आणि आवाजासाठी यूडीपी 10000 ते 20000 ही पोर्टही मुद्दाम उघडावी लागतात, तीही शक्यतो ठरावीक पत्त्यांपुरतीच.

यावर फायरवॉलच बंद करून टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो करू नका. इंटरनेटवर उघडा राहिलेला सिप सर्व्हर शोधणारी यंत्रणा अखंड चालू असते, आणि दुबळा पासवर्ड सापडला की रातोरात परदेशी कॉल लावले जातात. त्याचे बिल तुम्हालाच येते.

दोघेही मुख्य होण्याचा धोका डेटाबेस किंवा डीआरबीडीच्या (दोन सर्व्हरवर एकच माहिती ठेवणाऱ्या) डिस्क असतील तर कितीतरी गंभीर असतो, कारण दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होतात आणि एका बाजूच्या शेवटी टाकून द्याव्या लागतात. तेथे पेसमेकर या जोडी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फेन्सिंग चालू ठेवावे, म्हणजे संपर्क तुटल्यास एक सर्व्हर दुसऱ्याची वीज तोडून मगच काम हाती घेतो. दोन सर्व्हरमधील परस्परसंपर्कासाठी दोन केबल असाव्यात, त्या वेगळ्या नेटवर्क कार्डांवर असाव्यात आणि दोन्ही एकाच स्विचमधून जाऊ नयेत.

प्रश्न : डिस्कची विभागणी कशी करावी? कॉल सहा महिने रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. (अक्कलकोट रस्ता, टॉवेल उत्पादक)

नेहमीच्या वॅव्ह स्वरूपात, 16 बिट आणि 8000 हर्ट्‌झवर, एका तासाचे रेकॉर्डिंग 57.6 एमबी होते. दिवसाला एकूण 20 तासांचे बोलणे धरले तर 180 दिवसांचे सुमारे 207 जीबी. हे रेकॉर्डिंग मूळ विभागात (ऑपरेटिंग सिस्टीमच्या विभागात) मुळीच ठेवू नका, त्याला स्वतंत्र विभाग द्या. मूळ विभाग भरला की डेटाबेस लिहिणे थांबवतो. आणि रेकॉर्डिंग दोन्ही सर्व्हरवर सारखेच उतरत असेल तर दोन्ही डिस्क जवळपास एकाच दिवशी भरतात. तेव्हा राखीव सर्व्हर असून काही उपयोग होत नाही.

प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन डिस्कचे रेड 1 (दोन्ही डिस्कवर तीच माहिती) असावे. सॉफ्टवेअर रेड केल्यास यूईएफआयचा (यंत्र सुरू करणाऱ्या प्रणालीचा) बूट विभाग अनेकदा पहिल्याच डिस्कवर राहतो. पहिली डिस्क गेली की माहिती शाबूत असूनही यंत्र सुरूच होत नाही. तो विभाग दुसऱ्या डिस्कवरही करून बूटच्या यादीत नोंदवावा आणि पहिली डिस्क काढून यंत्र एकदा सुरू करून पाहावे.

तुमच्या कारखान्यात कापसाचे तंतू हवेत असतात, म्हणून हेही सांगतो. ते पंख्यांत आणि जाळ्यांत बसतात, आणि चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात सर्व्हर तापून बंद पडतो. आत जाणारी हवा 18 ते 27 अंशांच्या दरम्यान असावी असे मानक आहे. दोन्ही सर्व्हर एकाच कोंडलेल्या खोलीत ठेवले तर दोन्ही एकत्र तापतील. दुसरा कार्यालयाच्या इमारतीत हलवावा.

प्रश्न : दोन सर्व्हरच्या कॉल-नोंदींत साडेपाच तासांचा फरक पडतो. (बार्शी)

एका सर्व्हरवर इन्स्टॉल करताना कालविभाग यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला आहे. दोन्हीकडे ‘आशिया/कोलकाता’ ठेवावा आणि क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरद्वारे घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवावीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांतही तसेच सांगितले आहे, आणि लॉग 180 दिवस जपणेही.

प्रश्न : जोडी तयार झाली याची खात्री कशी करावी? (विजापूर रस्ता)

रीस्टार्टची आज्ञा देऊन केलेली चाचणी पुरेशी नाही, कारण त्यात सर्व्हर नीट निरोप घेऊन बंद होतो. कॉल चालू असताना मुख्य सर्व्हरच्या विजेच्या दोन्ही वायर ओढून काढाव्यात. अ‍ॅस्टरिस्कमध्ये चालू कॉल तुटेल, ते अपेक्षित आहे. नवा कॉल किती सेकंदांत लागतो ते मोजावे. फेन्सिंग फक्त सर्व्हरच्या आयपीएमआयवर (सर्व्हर दुरून चालू-बंद करणाऱ्या अंगभूत यंत्रणेवर) अवलंबून असेल तर या चाचणीत एक दोष उघडा पडतो : वीज गेल्याने आयपीएमआयही मेलेले असते, वीज तोडल्याची खात्री राखीव सर्व्हरला मिळत नाही आणि तो ताबा न घेता थांबून राहतो. त्यासाठी दुसऱ्या पातळीचे फेन्सिंग म्हणून नेटवर्कवरून बंद करता येणारी वीजपट्टी जोडावी, आणि सर्व्हरचे दोन वीजपुरवठे दोन वेगळ्या यूपीएसवर द्यावेत.

दुसरी चाचणी नेटवर्कची केबल काढून, तिसरी डिस्क काढून करावी. मुख्य सर्व्हर दुरुस्त होऊन आला की आपोआप ताबा परत घेईल अशी मांडणी ठेवू नये, कारण तो पुन्हा पडल्यास फोन दोनदा तुटतात. परतीचा बदल कॉल कमी असताना, दोन्ही बाजूंच्या डेटाबेसच्या नोंदी जुळल्याचे पाहून हाताने करावा.