आधी खोडरबर काढून घ्या

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे तर आपलंच आहे." मुलगा मराठी माध्यमातून दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, अकरावी सायन्सला गेला आणि फंक्शनच्या धड्यात अडकला. आलेख दर वेळी चुकतो, घरात कुणाला येत नाही, मोबाइलवर गणिताचा फोटो काढून उत्तर उतरवतो आणि वर "मला समजलंय" म्हणतो. आता मोठा क्लास लावावा की घरी येणारे सर बघावेत, हा तुमचा प्रश्न. चार वर्षांपूर्वी आमच्या मुलीचं अगदी हेच चाललं होतं.

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही. पतसंस्थेत हिशेबाच्या टेबलावर २२ वर्षं बसतोय, माझा गणिताशी संबंध व्याज आणि थकबाकीपुरता. रोज सराव करा, पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं आधी करा, हे तुम्हाला कुणीही सांगेल, त्यात मी वेळ घालवत नाही. आणि टाइप करायला सोपं जातं म्हणून जुन्या पुस्तकांसारखं क्ष आणि य लिहितोय. पोरं हसतील, हसू द्या.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो खोडरबर. पाच रुपयांचा.

मला गिचमिड वही अजिबात चालायची नाही. चुकलं की पूर्ण खोडायचं, मग बरोबर गणित सुवाच्य अक्षरात लिहायचं, समासाला रेघ, उत्तराला चौकट. दर रविवारी मी वही तपासायचो. तपासायचो म्हणजे काय, चौकटीतलं उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ताडून बघायचो. जुळलं की सही. आता गंमत बघा, आमच्याकडे खतावणीत खाडाखोड केली तर मेमो मिळतो. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहून बाजूला छोटी सही करायची. चूक नेमकी कुठे झाली ते ऑडिटरला दिसायला हवं ना! आणि हेच रोज करणारा माणूस घरी येऊन पोरीला सगळं खोडायला लावत होता.

खोडलं काय जात होतं ते पुढे वर्षभराने कळलं. दहावीचं वर्गसमीकरण घ्या: क्ष² − ५क्ष + ६ = ०. सूत्र पद्धतीने सोडवताना बीची, म्हणजे क्ष च्या सहगुणकाची, किंमत −५. तिचा वर्ग २५. माझी मुलगी लिहायची −२५. मग विवेचक (बीच्या वर्गातून ४ × १ × ६ वजा) −२५ − २४, म्हणजे −४९, आणि खाली "वास्तव मुळे नाहीत". पुस्तकात उत्तर २ आणि ३. झालं, खोडा सगळं आणि गाइडमधून उतरवा. अवयव पाडून सुटणारी गणितं तिला झकास यायची, त्यामुळे दहावीत तेवढ्यावर निभावलं. मार्क बघून आम्ही पेढे वाटले.

अकरावीत य = क्ष² चा आलेख काढायचा होता. तिने कोष्टक केलं. क्ष च्या किमती −३ पासून ३ पर्यंत आणि खाली य: −९, −४, −१, ०, १, ४, ९. आलेखाच्या कागदावर डावी बाजू खाली उतरलेली, उजवी वर चढलेली, मध्ये आरंभबिंदूपाशी सुरेख वळण. पेन्सिलीची रेघ इतकी गुळगुळीत की मी म्हटलं, वा! आणि सही केली. ती सही अजून त्या कागदावर आहे. तो आलेख वाटीसारखा यायला हवा होता, दोन्ही बाजू वर, हे मला ठाऊक नव्हतं आणि तिला शंका यायचं कारणच नव्हतं, कारण मोबाइलचा कॅल्क्युलेटर तेच सांगत होता. वजा, तीन आणि वर्गाचं बटण दाबलं की तिच्या मोबाइलवर −९ यायचं. कॅल्क्युलेटर चुकत नव्हता. तो आधी ३ चा वर्ग करतो, मग वजा लावतो. कंसात (−३) घालून वर्ग केला तर ९ देतो. एवढ्या एका कंसापायी सहामाहीत तिला गणितात काठावर मार्क.

मग मी जे केलं ते तुम्ही आता करायच्या बेतात आहात. क्लास लावला. मोठा, शहरातला, नाव घेत नाही. वर्षाची फी एकरकमी घेतली. एका बॅचमध्ये इतकी मुलं की मागच्या बाकावरून फळा दिसायचा नाही. शंका विचारायची तर चिठ्ठीवर प्रश्न लिहून पेटीत टाकायचा. दोन दिवसांनी पूर्ण सोडवलेल्या उत्तराची झेरॉक्स परत यायची. बरोबर उत्तर! ते तर तिच्याकडे आधीपासूनच होतं, गाइडमध्ये, ॲपमध्ये, मैत्रिणीच्या वहीत. ही कुठे चुकते ते बघायला कुणाला सवड नव्हती. मी ऑफिसात जाऊन म्हटलं, सरांशी पाच मिनिटं बोलायचंय. काउंटरवरची बाई म्हणाली, "सर पालकांना भेटत नाहीत, तुम्ही चिठ्ठी टाका." मी, पेन्शनीला टेकलेला माणूस, पेटीत चिठ्ठी टाकून घरी आलो. उत्तर आलं नाही. तिसऱ्या महिन्यात क्लास बंद करतो म्हटलं तर फी परत मिळणार नाही, हवं तर धाकट्या भावंडाच्या नावावर वळवून देऊ म्हणाले. आम्हाला एकच मुलगी आहे हो.

असो. रक्तदाब वाढतो.

चूक सापडली ती समोरच्या बिल्डिंगमधल्या डिप्लोमा करणाऱ्या पोरामुळे. पावती द्यायला आला होता, गणपतीच्या वर्गणीची. पोहे खाताखाता तिची वही चाळली आणि म्हणाला, "काका, हिला तर सगळंच येतंय, मग मार्क का जातात?" मग त्याने खिशातलं पेन तिला दिलं आणि तेच क्ष² − ५क्ष + ६ सोडवायला सांगितलं. दुसऱ्या ओळीत −२५ आलं. थांब, म्हणाला. वजा पाच गुणिले वजा पाच किती? ती म्हणाली, पंचवीस. मग इथे काय लिहिलंस? ती बघतच राहिली. पोहे संपायच्या आत झालं हे. दहावीपासूनच्या माझ्या सगळ्या सह्या एका बशीत.

तेव्हा तुमच्या मुलाला एक महिना कच्ची वही पेनने लिहायला सांगा. खोडरबर काढून घ्या, व्हाइटनर तर आधी. पेन्सिल फक्त आलेखापुरती. चुकलं तर एक आडवी रेघ आणि खाली पुन्हा सुरुवात. आणि मदत मागताना, कुणाकडेही, कॉलेजच्या सरांकडे, भावाकडे, इथे, प्रश्नाचा फोटो पाठवू नका. त्याने चुकीचं सोडवलेलं पान पाठवा. प्रश्न पाठवला की समोरचा उत्तर देतो. चुकलेलं पान पाठवलं तर तो बोट ठेवतो. हा माझा ठाम हेका आहे, शिक्षक लोक वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

ते फोटोवाले ॲप मी पूर्ण बंद करा म्हणणार नाही, करून उपयोगही नसतो, बाथरूममध्ये नेतात मोबाइल. पण आलेखासाठी जिओजेब्रा किंवा डेसमॉस ही आलेख काढणारी ॲपं वापरायला लावा, दोन्ही फुकट आहेत. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. आधी कागदावर हाताने, मग मोबाइलवर तोच आलेख, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायचा. आमच्या घरी हे आधी केलं असतं तर ती वाटी पहिल्याच दिवशी दिसली असती. फक्त एक बघा, कागदावर दोन्ही अक्षांना वेगळं प्रमाण घेतलं असेल तर आकार पसरट किंवा उभट दिसतो, ती चूक नव्हे. कोपऱ्यात प्रमाण लिहायचं विसरतात, त्याचे मार्क जातात ते वेगळंच.

रेषांच्या आलेखात पोरं उगाच अवघड किमती घेतात. २क्ष + ३य = १२ मध्ये क्ष = १ घेतला की य ३.३३ येतो, तो बिंदू कागदावर कुठे ठेवणार? क्ष ०, ३, ६ घ्या, य ४, २, ० येतो. रेषेला दोन बिंदू पुरतात, पण तिसरा घ्यायचाच. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर गणित कुठेतरी चुकलंय हे पट्टीच सांगते. त्याच कागदावर क्ष − य = १ काढली तर दोन्ही रेषा (३, २) ला छेदतात. मग ३ आणि २ दोन्ही समीकरणांत टाकून बघायचं, उत्तराचं पान उघडायची गरज नाही.

आता फंक्शन. आमच्या वेळच्या अकरावीच्या भाग २ मध्ये तो सहावा धडा होता. मराठी माध्यमाच्या मुलांची दुहेरी पंचाईत होते. दहावीपर्यंत चल, सहगुणक, छेदनबिंदू, आणि जूनमध्ये एकदम व्हेरिएबल, कोएफिशंट, पॉइंट ऑफ इंटरसेक्शन. मुलगी डोमेन म्हणजे काय म्हणून रडायची. प्रांत म्हटल्यावर म्हणाली, मग असं सांगा ना! वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडा, एकात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी. साठेक शब्दांत वर्ष निघतं, माझ्या अंदाजाने.

फंक्शन म्हणजे काय हे मला मात्र नोकरीमुळे पटकन कळलं. खाते क्रमांक दिला की शिल्लक सांगता आली पाहिजे, आणि एकच. दोन खात्यांची शिल्लक सारखी असू शकते, काही बिघडत नाही. म्हणून य = क्ष² चालतं, २ आणि −२ दोघांच्या खात्यात ४ आहेत. पण एकाच खात्याला दोन शिलका दिसल्या तर चौकशी लागते. क्ष² + य² = २५ मध्ये क्ष = ३ ला य ४ पण आणि −४ पण, म्हणून ते वर्तुळ फंक्शन नाही. आलेखावर उभी पट्टी सरकवत न्यायची, दोन ठिकाणी टेकली की संपलं.

मुलाची एक गोष्ट तेवढी तपासा. फ(क्ष) = क्ष² + ३ असेल तर फ(अ + १) काढायला सांगा. अ² + ४ लिहिलं तर तो कंसाचा वर्ग नीट करत नाहीये. उत्तर अ² + २अ + ४. आणि फ(२) = ७ म्हणून फ(४) = १४ म्हणाला तर तो फ ला गुणाकारातला आकडा समजतोय, खरं उत्तर १९ आहे. दोन्ही चुका वेगळ्या, दोन्हींना उपाय वेगळा. महत्तम पूर्णांकातही (दिलेल्या संख्येइतका किंवा तिच्याहून लहान असा सगळ्यात मोठा पूर्णांक) −२.३ दिला की पोरं −२ लिहितात, तिथे −३ येतो. वजा चिन्ह दिसलं की संशय घ्यायचा.

क्लास की सर, तर माझं मत: आधी महिनाभर वरचं करा, मग आठवड्यातून दोन तास कुणीतरी शेजारी बसून वही बघेल असा माणूस. सीनियर कॉलेजचा हुशार पोरगा चालेल, डिग्री बघू नका, वहीत बोट घालतो का ते बघा. तरीही क्लासच लावायचा असेल तर फी हप्त्याने द्या. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी असं आहे. आमचं प्रकरण त्याआधीचं. सूचनांचा कागद दाखवला की पैसे हातात पडतील असं समजू नका, पण फी भरायच्या आधी परताव्याची अट पावतीवर लिहून मागायला तो बरा पडतो. मी वकीलही नाही.

मुलाचं एक चुकलेलं पान टाका इथे, नाव आणि कॉलेज झाकून. य = क्ष² चंच टाका. आणि आलेखाचे सुटे कागद आणू नका, वहीच आणा. सुटे कागद हरवतात. आमचा तो एकच कसा राहिला कोण जाणे.