वाचकांचे प्रश्न : संताप कुठे न्यायचा?

प्रश्न : आमच्या गल्लीतला रस्ता पाइपलाइनसाठी खोदला, त्याला दोन पावसाळे झाले. टीव्हीवर रोज धर्माचाच वाद. डाव्या विचाराच्या माणसाने करायचं काय? – एक वाचक, जळगाव

उत्तर : दादा, हा संताप माझाही आहे. २९ कामगार कायद्यांच्या जागी ४ संहिता आल्या, तेव्हा केळीचे घड वाहून खांद्याला घट्टे पडलेल्या हमालाला कुणी विचारलं? आपल्याच फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं. शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, हे तिथे ठरावात मांडलं गेलं. (तेव्हा हा राष्ट्रीय प्रश्न होता!) तुम्ही गल्लीतल्या बायाबापड्यांच्या सह्या घ्या, अर्ज द्या, पोच मागा. पोच मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका.